हप्ता त्याचा, किराणा तिचा

२०२५ च्या जूनमध्ये, आयकर रिटर्नांचा मोसम ऐन भरात असताना, एक जोडपं ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या करसल्ल्याच्या ऑफिसात आलं. त्याची कागदपत्रं फाईलमध्ये क्रमाने लावलेली, तिची पर्समधल्या एका लिफाफ्यात. तिच्याकडे होतंच काय म्हणा, फॉर्म १६, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, आणि बचत खात्याचं व्याज! वीस मिनिटांचं काम दीड तास चाललं आणि मग पुढचे कितीतरी महिने. दोघांना विचारून हे लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदललेत, हिशेबाचा सांगाडा तसाच ठेवलाय.

दोघं घोडबंदर रोडला, कासारवडवलीत राहतात. मुलगी आठ वर्षांची. तो भिवंडीकडच्या एका गोदामात व्यवस्थापक, रोज गाडीने जातो. ती ऐरोलीला विम्याचे क्लेम तपासते, ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकल पकडते. हातात येणारा पगार त्याचा १,०८,०००, तिचा ६४,०००. त्याचे आईवडील कराडला, तिची आई चिपळूणला एकटी.

रिटर्नचं उरकलं तसं तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "काका, मला पर्सनल लोन किती मिळेल?"

तो चमकला. चिपळूणच्या घराचं छप्पर बदलायचं होतं, खर्च १,८०,००० रुपये, पाऊस तोंडावर. तिच्या खात्यात होते १,६०,०००, आणि ते सगळे काढले तर शाळेच्या पुढच्या हप्त्याचं काय, हा प्रश्न. तो म्हणाला, "अगं, माझ्याकडून घे ना. कोण नाही म्हणतंय?"

ती काही बोलली नाही. त्याने खरोखर मनापासून सांगितलं होतं, यात मला शंका नाही. पण नऊ वर्षं नोकरी करणाऱ्या बाईला आईच्या घराची कौलं बदलायला 'घे ना' ऐकावं लागावं, हे तिला लागलं होतं. मी म्हटलं, लोनचं नंतर बघू, आधी मला सांगा तुमच्याकडे कोण काय भरतं.

वाटणी घर घेतल्यानंतर वर्षभरात पडली होती आणि ती कोणी बसून ठरवलेली नव्हती. २०१७ मध्ये घर घेतलं ७२ लाखांना. तेव्हा ती बाळंतपणाच्या रजेनंतर नोकरी सोडून घरी होती. बँकेला तिचं उत्पन्न दिसत नव्हतं, म्हणून ५० लाखांचं कर्ज एकट्या त्याच्या नावावर झालं आणि त्याच ओघात करारनाम्यावरही एकट्याचंच नाव लागलं. "नंतर घालू की तुझं नाव." वरचे २२ लाख असे जमले: १० त्याचे, ७ त्याच्या वडिलांच्या फंडातले, ५ तिचे. तिच्या पाचांत तीन लग्नाआधीच्या बचतीचे आणि दोन आईने घातलेल्या पाटल्या मोडून आलेले. शिवाय नोकरी सोडल्यावर पीएफ काढला होता, तो फर्निचरमध्ये गेला. स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या म्हणजे माझा पीएफ, असं ती हसत म्हणाली.

वर्षभराने ती पुन्हा कामाला लागली आणि मग साहजिकच असं झालं: हप्ता त्याचा, घरखर्च तिचा.

मी दोघांपुढे एकेक कोरा कागद ठेवला. तिचा कागद असा निघाला. किराणा ११,०००. दूध, भाजी, फळं ७,५००. धुण्याभांड्याच्या मावशी ४,५००, पोळ्यांच्या ताई ३,५००. शाळेची फी महिन्याला धरून ९,०००, व्हॅन २,२००. वीज आणि गॅस २,८००. बेरीज ४०,५००. स्वतःचा प्रवास आणि मोबाइल २,५००. उरले २१,०००, आणि त्यातून गणपती, दिवाळी, आहेर, पुस्तकं-गणवेश, मुलीचा डॉक्टर, पाहुणे.

त्याचा कागद: घराचा हप्ता ४३,४००. सोसायटीचा मेंटेनन्स, टँकरच्या पाण्यासकट, ५,६००. गाडीचा हप्ता ११,५००, पेट्रोल ७,०००. कराडला ८,०००. एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातली दरमहा गुंतवणूक, १५,०००. बेरीज ९०,५००. उरले १७,५००.

त्याने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाला, "बघा. माझ्याकडे तिच्यापेक्षा कमीच उरतं."

या प्रकरणाची गोम इथे आहे. तो खोटं बोलत नव्हता. महिनाअखेरीची शिल्लक पाहिली तर अन्याय कुठेच दिसत नाही, उलट त्याच्यावरच बोजा जास्त वाटतो. म्हणून आठ वर्षं यांच्यात यावरून एकदाही भांडण झालं नाही. पण मी शिल्लक बघत नव्हतो. पैसा गेला कशात, ते बघत होतो.

तिच्या यादीतली प्रत्येक गोष्ट महिन्याच्या आत संपते. दूध पिऊन झालं, वीज जळून गेली, फीच्या पावतीला कपाटात जागा आहे पण किंमत नाही. त्याच्या यादीतल्या दोन ओळी मात्र संपत नाहीत, साठत जातात: घराचा हप्ता आणि एसआयपी. हप्त्यातही बराचसा भाग व्याजाचाच असतो, हे खरं. आठ वर्षांत त्याने साधारण ४१ लाख भरले, त्यातले मुद्दलात गेले ११ लाखांच्या आसपास, ३९ लाख अजून बाकी. पण इस्टेट एजंट आज त्या घराचे १ कोटी १० लाख सांगतो. म्हणजे कर्ज वजा जाता ७१ लाखांची मालमत्ता त्याच्या नावावर. सहा वर्षांच्या एसआयपीचे १६ लाख. पीएफचे १४. तिच्या नावावर? खात्यातले १,६०,००० आणि नव्या नोकरीचा पीएफ ४,८०,०००. एका बाजूला एक कोटीवर, दुसऱ्या बाजूला साडेसहा लाखांच्या आत. पगार १०८ ला ६४, मालमत्ता सोळाला एक.

आणि तिने किराणा भरला नसता तर त्याला हप्ता आणि एसआयपी दोन्ही झेपलं असतं का? त्याच्या उरलेल्या १७,५०० मधून ४०,५०० वजा करा म्हणजे उत्तर मिळतं.

त्याचा चेहरा उतरला, हे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवतो. मी पाहिलेल्या कितीतरी नवऱ्यांनी या टप्प्याला आवाज चढवला आहे.

माझे वडील वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात होते. पगाराचं पाकीट न फोडता आईच्या हातात द्यायचे, बसभाड्याला तिच्याकडे मागायचे. एकच पगार, एकच पाकीट, त्यामुळे कोणाचा पैसा कशात गेला हा प्रश्नच नव्हता. दुसरा पगार आला आणि आपण फक्त पाकिटं दोन केली. कोणत्या पाकिटातून काय जायचं हे कोणी ठरवलं नाही, ते आपोआप ठरलं. मोठा, ठळक, पुरुषी वाटणारा खर्च एकीकडे आणि रोजचा चिल्लर दुसरीकडे.

त्याचा पहिला बचाव सगळेच करतात तो: "पण नॉमिनी सगळीकडे तीच आहे."

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली एका विमा प्रकरणात हे सांगितलं आणि २०२३ मध्ये शेअर्स व म्युच्युअल फंडांबाबत पुन्हा तेच म्हटलं. नॉमिनीने पैसे हातात घ्यायचे, हक्क वारसांचा. आयुर्विम्यात २०१५ च्या दुरुस्तीने नवरा-बायको, मुलं, आईवडील यांना नॉमिनी केलं तर रक्कम त्यांचीच धरतात. तेवढा अपवाद. मृत्युपत्र न करता हा गेला तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे घराचे तीन सारखे हिस्से: बायको, मुलगी आणि कराडची आई. वडील वारसांच्या पहिल्या वर्गात येत नाहीत. ज्यांचे सात लाख घरात आहेत ते बाहेर, हे ऐकून त्याला जास्त धक्का बसला. तिने मग स्वतःचं विचारलं. तिच्यामागे तिचं जे असेल ते नवऱ्याला आणि मुलीला. चिपळूणच्या आईचा नंबर त्यांच्या नंतर, नवऱ्याच्या वारसांच्याही नंतर. ती बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत बसली.

दुसरा समज असा की लग्न झालं म्हणजे अर्धं आपोआप बायकोचं. तसं गोव्यात आहे, पोर्तुगीज काळापासूनच्या दिवाणी कायद्यामुळे. महाराष्ट्रात नाही. इथे कागदावर ज्याचं नाव, त्याचं घर.

सोन्याचाही विषय निघालाच. लॉकर त्याच्या आणि सासूबाईंच्या नावाने, लग्नाआधीपासूनचा. तिचं माहेरचं उरलेलं सोनं त्यातच. स्वतःच्या बांगड्या काढायला ती कोणाची तरी सही घेऊन जाते. १९८५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीधन हे पूर्णपणे तिचंच, सासरी सांभाळायला दिल्याने ते सामाईक होत नाही, असं स्वच्छ म्हटलं आहे. पण त्यासाठी काय होतं याची यादी तरी हवी. यांच्याकडे लग्नाचे फोटो होते, यादी नव्हती. मी त्याच संध्याकाळी वजनासकट यादी करायला लावली. सासूबाईंनीच फोनवरून निम्म्या वस्तू आठवून सांगितल्या, दोन तर हिच्या लक्षातही नव्हत्या.

दुसऱ्या बैठकीला तो उपाय घेऊनच आला. "तिच्या नावाने दहा लाखांची एफडी करतो. तिचा पगार बारा लाखांच्या आत, तिला टॅक्सही नाही. दोन्ही कामं होतील."

ठाण्यातला प्रत्येक दुसरा नोकरदार हे करतो आणि प्रत्येक दुसरा चुकतो. बायकोला दिलेल्या भेटीवर तिला कर नाही, पण त्या भेटीतून येणारं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ६४, आणि २०२५ च्या नव्या कायद्यातही ही तरतूद आहेच. यातून सुटण्याचा सरळ मार्ग एवढाच: तिने तिच्या पगारातून गुंतवावं आणि त्याने त्याच्या पगारातून घर चालवावं. म्हणजे इतकी वर्षं जे केलं त्याच्या बरोबर उलट. करवजावटीसाठी घर एका नावावर बरं, हा त्याचा युक्तिवादही जाता जाता निकालात काढला. आयकराच्या जुन्या पद्धतीत दोघं सहमालक आणि सहकर्जदार असते तर प्रत्येकाला व्याजाची दोन लाखांपर्यंत वजावट मिळाली असती. नव्या पद्धतीत राहत्या घराच्या व्याजाला वजावटच नाही.

मग सगळं एकत्र करायचं का? दोन्ही पगार एका खात्यात? तिने ताबडतोब नाही म्हटलं. "मग पार्लरला गेले तरी त्याच्या मोबाइलवर मेसेज जाणार." निम्मं-निम्मं? तेही नाही. १०८ वाला आणि ६४ वाली यांनी सारखं भरायचं, हे फक्त दिसायला सारखं आहे. राहिलं पगाराच्या प्रमाणात. दोघांचे मिळून १,७२,०००. त्याचा वाटा ६३ टक्के, तिचा ३७.

खरी घासाघीस प्रमाणावर झाली नाही, 'घरचं' कशाला म्हणायचं यावर झाली. हप्ता, मेंटेनन्स आणि तिची ४०,५०० ची यादी यावर वाद नव्हता. सणवार, आहेर, डॉक्टर, गणवेश यांना महिन्याला १०,५०० बाजूला काढायचे, हेही दोघांना पटलं. गाडीवर गाडी अडली. तो म्हणे घरची, ती म्हणे रोज भिवंडीला कोण नेतं? शेवटी हप्ता घरचा, पेट्रोल त्याचं. मग ती म्हणाली, "कराडचे आठ हजार तू 'कर्तव्य' म्हणतोस आणि माझ्या आईला काही दिलं की 'मदत'. असं का?" याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. आपापल्या आईवडिलांचं आपापल्या उरलेल्या पैशातून, आणि त्याला दोघांनी एकच शब्द वापरायचा, असं ठरलं. कुठला शब्द ते मला कळलेलं नाही.

घरचा एकूण आकडा आला १,११,५००. त्याचे ७०,०००, तिचे ४१,५००.

आता हे बघा. ती आधी ४०,५०० भरत होती, आता ४१,५००. हजार रुपयांचा फरक! मग बदललं काय? एक, सणवार आणि आहेर तिच्या उरलेल्या पैशातून जायचे, ते घरच्या खात्यावर आले. तिच्याकडे आता खरोखरचे २२,५०० उरतात. त्यातले प्रवास-मोबाइल २,५००, आईला ४,०००, एसआयपी १०,००० तिच्या नावाने, आणि ६,००० ज्यांचा हिशेब कोणी विचारायचा नाही. त्याचे ३८,००० उरतात: कराड ८,०००, पेट्रोल ७,०००, एसआयपी १५,०००, आणि ८,००० बिनहिशेबी. दोन, घराच्या प्रत्येक हप्त्यात तिचा वाटा आहे आणि तो बँकेच्या पासबुकात दिसतो. किराणाही दोघांचा, घरही दोघांचं.

संयुक्त खातं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीने उघडलं, म्हणजे कोणाचीही एक सही चालते आणि एक गेला तरी दुसऱ्याचं अडत नाही. तिचा पगार महिनाअखेरीला येतो, त्याचा एक तारखेला. दोघांच्या खात्यांना दोन तारखेची स्थायी सूचना, म्हणजे पैसे आपोआप घरच्या खात्यात जातात, आणि हप्ता पाच तारखेला.

पण पासबुकात वाटा दिसला म्हणून करारनाम्यात नाव येत नाही. ते काम वेगळं आणि किचकट. महाराष्ट्रात राहतं घर बायकोला बक्षीसपत्राने, म्हणजे भेटीच्या दस्ताने, दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये, हे ऐकून तो खूश झाला होता. त्यावर शहर हद्दीतला अधिभार टक्क्यांत लागतो, घर गहाण असल्याने बँकेची लेखी संमती लागते, आणि बँक म्हणते की मालकीत आली तर कर्जातही या. पुढे घर विकलं तर भेट दिलेल्या हिश्श्यावरचा भांडवली नफा त्याच्याच रिटर्नमध्ये धरायचा, तीच मघाची तरतूद.

हिस्सा किती, यावर मला वाटलं होतं ती अर्धा मागेल. तो स्वतःच अर्धा म्हणाला. तिने नको म्हटलं. "बाबांचे सात लाख आहेत त्यात. ते माझ्याकडे वळवल्यासारखं होईल." मी तीन-चार गणितं करून दिली: सुरुवातीच्या पैशाप्रमाणे २३ टक्के, पगाराप्रमाणे ३७, इतक्या वर्षांच्या किराण्याची काहीतरी किंमत धरली तर आणखी वर. शेवटी ४० ठरलं. कुठल्याच सूत्रातून ते येत नाही. दोघं गाडीत बसून ठरवून आले आणि मला आकडा सांगितला. ४४ लाखांच्या हिश्श्यावर नुसता एक टक्का अधिभार धरला तरी ४४,०००. तो घरचा खर्च की त्याचा, यावरही पाच मिनिटं गेली. त्याने भरायचं ठरलं. मृत्युपत्रं मात्र दोघांनी लगेच केली. त्याला मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार पुरतात. त्याने आईबरोबर वडिलांचीही सोय लिहिली, तिने चिपळूणच्या आईची.

घडी लगेच बसली असं नाही. पहिले दोन महिने भाजी तिच्याच खात्यातून जात राहिली, कारण क्यूआर स्कॅन केला की मोबाइलवर आधी तिचं जुनं खातं यायचं. मावशींना रोख लागते, ती कोणी काढायची हे ठरायचं राहून गेलं होतं. सोसायटीने रंगकामाचे ३५,००० मागितले तेव्हा बाजूला काढलेल्या पैशात २० हजारच होते. दिवाळीचा बोनस आला तेव्हा तो माझ्याकडे नुसताच 'सहज' डोकावून गेला. बोनस बिनहिशेबी धरायचा की घरचा? मी म्हटलं, मला का विचारताय?

आणि एक गोष्ट मला खटकते ती लिहूनच टाकतो. पैसे वाटले गेले, पण महिन्याची यादी अजूनही तिच्याच डोक्यात असते. गॅस कधी संपतो, व्हॅनवाल्याला कधी द्यायचे, कोणाच्या मुंजीला किती आहेर झाला होता. त्याला ६३ टक्के दिसतात, हे दिसत नाही. माझ्या कागदावर त्यासाठी रकाना नव्हता.

चिपळूणचं छप्पर जुलै उजाडायच्या आत झालं. पैसे तिने तिच्या खात्यातून दिले आणि शाळेचा हप्ता नव्या घरच्या खात्यातून गेला. लोन लागलं नाही.

बक्षीसपत्राची फाईल बँकेच्या कायदा विभागाकडे आहे, अजून एक कागद हवा म्हणतात. मधे तिचा फोन आला होता. तिला प्रमोशन मिळालं, पगार ७३,००० होणार, मग ३७ चे किती टक्के करायचे? मी हिशेब करून ४० सांगितले. पलीकडून हसण्याचा आवाज आला.

"म्हणजे घरात ४० आणि खर्चात पण ४०," ती म्हणाली. "थांबा काका, त्याला स्पीकरवर घेते."